शाळेतली बैठक: मुलाचा निकाल ऐकवायला की पुढची वाट ठरवायला?

"उद्या अकरा वाजता दोघंही शाळेत या. मुलाबद्दल बोलायचं आहे." शाळेकडून असा निरोप आला की त्या रात्री घरात कोणालाच धड झोप लागत नाही. मूल ऑटिस्टिक असो, अध्ययन अक्षमता असलेले असो, एडीएचडी असलेले असो किंवा बौद्धिक वाढ संथ असलेले असो, पालकांच्या मनात एकच प्रश्न असतो: आता काय ऐकावे लागणार?

आणि बहुतेक वेळा ऐकावेच लागते. टेबलाच्या एका बाजूला मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, समुपदेशक, विशेष शिक्षिका. दुसऱ्या बाजूला आई-बाबा. इंग्रजीतला अहवाल वाचून दाखवला जातो. काय काय येत नाही याची यादी होते. "घरी जरा लक्ष द्या" हे वाक्य येते. आई रडते, बाबा गप्प होतात किंवा चिडतात. मग सही होते आणि बैठक संपते.

मुलांच्या विकासाच्या तक्रारी बघणारा डॉक्टर म्हणून अशा बैठकीनंतरचे पालक मला भेटतात. कोणी शाळा बदलायच्या विचारात असतात, कोणी मुलाला वर्षभर घरीच ठेवू म्हणतात, तर कोणी जाहिरात बघून हजारो रुपयांचे "खात्रीशीर" उपचार सुरू केलेले असतात. ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. तरीही त्यांची चौकशी होतच राहते. शाळेतून आशा घेऊन निघालेले पालक सहसा या वाटेला जात नाहीत.

म्हणून आज औषधांविषयी न लिहिता या बैठकीविषयी लिहितो आहे. माझे मत सरळ आहे: विशेष गरजा असलेल्या मुलाच्या बाबतीत शाळा आणि घर यांची नीट आखलेली बैठक हा उपचाराचाच एक भाग आहे. थेरपी आठवड्यातून दोन तास असते. शाळा आणि घर मिळून आठवड्याचे उरलेले सगळे तास मुलासोबत असतात. ते तास कसे जाणार हे या बैठकीत ठरते, निदान ठरायला हवे.

कायद्यात काय आहे?

अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करणे शाळेवर बंधनकारक आहे. तो वर्षातून किमान एकदा तपासावा लागतो आणि तो करणाऱ्या गटात पालक हे हक्काचे सदस्य असतात.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्यात २१ प्रकारच्या अक्षमता मोजल्या आहेत. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता या त्यांपैकी काही. या कायद्याच्या कलम १६ मध्ये सरकारी, अनुदानित आणि शासनमान्य शाळांनी समावेशक शिक्षण द्यावे, गरजेनुसार आधार द्यावा आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावे असे म्हटले आहे. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचा उल्लेख आहे. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

म्हणजे मुलाला आधार देण्याची जबाबदारी कायद्याने ठरवली आहे, पण पालकांबरोबर बसून तो आधार कसा आखायचा याची ठरावीक पद्धत या कायद्यात घालून दिलेली नाही. ती माणसांवर सोडलेली आहे. चांगल्या मुख्याध्यापिका असतील तर बैठक चांगली होते, नसतील तर तक्रारींचा पाढा होतो. म्हणूनच तुम्ही पालक असा की शिक्षक, ही पद्धत माहीत असणे तुमच्या हाताशी असायला हवे.

दोघांचेही खरे असते

या बैठकांमधला सर्वांत जुना वाद असा:

"शाळेत तो एक ओळ लिहीत नाही."
"अहो मॅडम, घरी तर सगळं करतो!"

शिक्षिकेला वाटते पालक झाकतात. पालकांना वाटते शाळा मुलावर डूख धरून आहे. प्रत्यक्षात दोघेही खरे बोलत असतात, आणि त्याची कारणे मेंदूच्या कामकाजात आहेत.

एडीएचडी असलेल्या मुलाचे लक्ष परिस्थितीनुसार फार बदलते. आई शेजारी बसून एकेक गणित पुढे ठेवते तेव्हा ते सोडवते. ४०-५० मुलांच्या वर्गात, पंख्याच्या आवाजात, फळ्यावरून वहीत उतरवताना तेच मूल तिसऱ्या शब्दालाच भरकटते. "टीव्हीसमोर दोन तास बसतो, म्हणजे मुद्दाम करतो" हा निष्कर्षही चुकीचा. कंटाळवाण्या कामावर स्वतःहून लक्ष टिकवणे, हाच तर त्याचा अडथळा आहे.

ऑटिझम असलेल्या काही मुलांचे नेमके उलट असते. शाळेत ती दिवसभर स्वतःला आवरून धरतात. घंटा, गोंगाट, धक्काबुक्की सगळे सहन करतात आणि घरी पोचल्यावर दप्तर फेकून अर्धा तास आकांत करतात. शाळा म्हणते, "आमच्याकडे काहीच त्रास नाही." आई म्हणते, "माझाच काहीतरी दोष असणार." दोष कोणाचाच नसतो. दिवसभर साचलेला ताण सुरक्षित जागी बाहेर पडतो.

डिस्लेक्सिया असलेले हुशार मूल दुसरीपर्यंत धडे पाठ करून "वाचते". घरच्यांना शंका येत नाही. शिक्षिकेने नवा उतारा दिला की मात्र ते अडते. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल सकाळी नीट लिहिते आणि दुपारी त्याचा हात दमतो. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

काही गोष्टी तर डॉक्टरलासुद्धा शाळेकडूनच कळतात. एडीएचडीच्या मिथिलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण ४ तास टिकतो. "मधल्या सुट्टीपर्यंत छान असतो, नंतर हाताबाहेर जातो" हे बाईंचे एक वाक्य औषधाची वेळ किंवा प्रकार बदलायला पुरेसे असते. वर्गात अधूनमधून काही सेकंद टक लावून बघणारे, हाक मारली तरी त्या क्षणी भानावर न येणारे मूल "स्वप्नाळू" नसून त्याला एका प्रकारची अपस्मार अर्थात फिट येत असू शकते. हे बऱ्याचदा शिक्षकांच्याच नजरेला आधी पडते.

आजीकडेही माहिती असते. किराणा दुकानात तिच्यासोबत बसणारा, वहीत वजाबाकी न जमणारा नातू गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे बरोबर परत देतो, हे आजीला माहीत असते. याचा अर्थ त्याला वजाबाकी कळते; अडते ती लिहिण्यात आणि हातचा मांडण्यात. हे बैठकीत कोणी विचारलेच नाही, तर मुलाला वर्षभर चुकीच्या गोष्टीचा सराव दिला जाईल.

म्हणून मी म्हणतो, बैठकीचे पहिले काम मुलाची दोन अर्धी चित्रे जोडण्याचे आहे. त्यासाठी दोन्ही बाजूंना बोलायला मिळाले पाहिजे.

बैठकीच्या आधी

बैठक बिघडते किंवा सुधारते ती बहुधा आधीच्या आठवड्यात. शाळेने चार गोष्टी पाहाव्यात.

१. वेळ विचारून ठरवा. मंगळवारी सकाळी अकरा ही वेळ शाळेच्या सोयीची असते. रोजंदारीवर जाणाऱ्या बापाचा त्यात एक खाडा होतो. "आम्ही ही दोन दिवसांची वेळ देऊ शकतो, तुम्हाला कोणती जमेल?" एवढा एक प्रश्न पुरतो. घरी मुलाला आजी किंवा आत्या सांभाळत असेल तर तिलाही बोलवा.

२. विषय आधी सांगा. "भेटायला या" असा निरोप भीती वाढवतो. "वाचनासाठी या सत्रात काय करायचं ते आपण मिळून ठरवू, पाऊण तास लागेल, वर्गशिक्षिका आणि विशेष शिक्षिका असतील" असा निरोप ती कमी करतो.

३. अहवाल चार-पाच दिवस आधी द्या, तोही समजेल अशा भाषेत. निदानाचा शब्द पहिल्यांदा सात माणसांसमोर ऐकायची वेळ कोणावर येऊ नये. तो आधी एका व्यक्तीने, शांतपणे, पालकांना एकट्याने भेटून सांगावा.

४. खुर्च्या मोजा. शाळेचे सहा आणि घरचे दोन अशी बैठक सुनावणीसारखी वाटते. ज्यांना त्या मुलासाठी काही करायचे आहे तेवढेच लोक बसवा, आणि समोरासमोर न बसता गोल बसा. फोन बाजूला ठेवा.

यांतला तिसरा मुद्दा महत्त्वाचा का? नेदरलँड्समधील संशोधक रॉय केसेल्स यांनी २००३ साली यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. डॉक्टरांनी सांगितलेल्यांपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, असे त्यात दिसले. मन घाबरलेले असताना एखादाच शब्द डोक्यात घुमत राहतो, बाकीचे कानावरून जाते. शाळेतल्या खुर्चीवर बसलेल्या आईचे मन वेगळे चालत नाही. "तुमच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे" हे वाक्य पहिल्या मिनिटाला टाकून पुढची वीस मिनिटे उपाय सांगितले, तर ते उपाय हवेत जातात. मग "पालकांना इतकं समजावलं, पण ऐकतच नाहीत" अशी तक्रार होते.

पालकांनो, तुमचीही तयारी हवी. एक पान घ्या आणि त्यावर तीन भाग करा.

- माझ्या मुलाला काय जमते, काय आवडते (किमान तीन गोष्टी)
- मला कशाची काळजी वाटते (जास्तीत जास्त तीन)
- पुढच्या सहा महिन्यांत एक गोष्ट बदलली तर कोणती बदलावी

हे पान मोबाइलवर बोलून ठेवलेत तरी चालेल. लिहिता येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. मुलाची वही, जुने अहवाल तारखेप्रमाणे लावलेली फाइल आणि घरी तो काम करतानाचा एखाद्या मिनिटाचा व्हिडिओ सोबत न्या. "घरी करतो" हे दहा वेळा सांगण्यापेक्षा एक मिनिटाचा व्हिडिओ जास्त बोलतो. शक्यतो दोघे जा. एकट्या आईला पाठवून "काय म्हणाले?" असे रात्री विचारणाऱ्या बाबांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

पाऊण तास कसा वापरायचा

माझ्या मते ४५ मिनिटे पुरतात, पण क्रम पाळला तर.

पहिली १० मिनिटे घरच्यांची. सुरुवात "त्याच्याबद्दल आम्हाला सांगा" अशी व्हावी. कोणीही मध्ये तोडू नये. कोणी तरी लिहून घ्यावे. आपले म्हणणे टिपले जाते आहे हे दिसले की पालकांचा निम्मा राग उतरतो.

पुढची १० मिनिटे शाळेची, पण विशेषणांशिवाय. "आळशी", "हट्टी", "लक्ष नसतं" या शब्दांनी कोणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी काय दिसले ते सांगा: "गणिताच्या ३० मिनिटांच्या तासात चार वेळा जागेवरून उठला, तोंडी विचारलेल्या पाच उत्तरांपैकी चार बरोबर, लेखी पाचपैकी एक." यातून लगेच उपाय सुचतो. तोंडी येते आणि लेखी येत नाही, म्हणजे लिहिण्याचा भार कमी करून पाहायला हवा. आणि जे चांगले दिसले तेही सांगा. तोंडदेखले कौतुक पालक बरोबर ओळखतात. "मागच्या आठवड्यात त्याने नव्या मुलाला स्वतःचा डबा दिला" हे मात्र त्यांच्या लक्षात राहते.

पुढची १५ मिनिटे उद्दिष्टांची. तीनपेक्षा जास्त नकोत. मी बारा-बारा उद्दिष्टांचे आराखडे पाहिले आहेत. ते फाइलमध्ये छान दिसतात आणि वर्गात एकही उतरत नाही. एक उद्दिष्ट अभ्यासाचे, एक रोजच्या व्यवहाराचे, एक इतर मुलांमध्ये मिसळण्याचे असे घ्या. आणि ते मोजता येईल असे लिहा.

"वाचन सुधारणे" हे उद्दिष्ट नाही, ती इच्छा आहे. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जोडाक्षरे नसलेला दहा ओळींचा नवा उतारा पाचपेक्षा कमी चुका करून वाचेल" हे उद्दिष्ट आहे. "बोलणे वाढवणे" याऐवजी "शौचालयाला जायचे आहे हे पाचपैकी चार वेळा चित्राचे कार्ड दाखवून सांगेल" असे लिहा. बोलता न येणाऱ्या मुलाच्या आईला हे दुसरे उद्दिष्ट साध्य झाल्यावर होणारा आनंद परीक्षेच्या कोणत्याही गुणांनी होणार नाही.

शेवटची १० मिनिटे "कोण काय करणार" याची. वर्गशिक्षिका काय करणार, विशेष शिक्षिका आठवड्यातून किती वेळा भेटणार, घरी रोज दहा मिनिटे काय होणार, डॉक्टरांना काय विचारायचे, हे सगळे व्यक्ती आणि तारखेसह लिहा. मग पालकांना विचारा, "आपण काय ठरवलं ते तुमच्या शब्दांत सांगाल का? आम्ही नीट सांगितलंय का ते बघते." ही परीक्षा पालकांची नसून सांगणाऱ्याची असते. आम्ही दवाखान्यात इन्सुलिनचे इंजेक्शन किंवा दम्याचा पंप शिकवतो तेव्हा हेच करतो.

मूल साधारण दहा-बारा वर्षांचे झाले की त्यालाही शेवटची काही मिनिटे बोलवा. "तुला वर्गात काय अवघड जातं? कशाने सोपं होईल?" त्याचे उत्तर "मला मागच्या बाकावरून फळा दिसत नाही" इतके साधे असू शकते. मात्र त्याच्यासमोर त्याच्या चुकांची यादी वाचू नका.

अवघड जागा

पालक निदान मानत नाहीत, हा शाळेचा नेहमीचा अनुभव. माझे मत असे की पहिल्या बैठकीत त्यांना ते मानायला लावण्याची गरज नाही. "नाव काहीही असो, त्याला वाचायला त्रास होतो हे तुम्हालाही दिसतं, आम्हालाही दिसतं; त्यावर काय करूया?" इथून काम सुरू होते. नाव स्वीकारायला घराला वेळ लागतो. त्या घरात सासू आहे, नणंद आहे, मोठ्या मुलीचे लग्न जमवायचे आहे. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

प्रमाणपत्राचेही तसेच. पालकांना तो शिक्का वाटतो. मी त्यांना सांगतो की ती किल्ली आहे. तिच्याने परीक्षेतल्या सवलतींचे आणि योजनांचे दार उघडते, मूल त्याने बदलत नाही. अध्ययन अक्षमतेचे पक्के निदान सहसा आठव्या वर्षाच्या आसपास करता येते, त्याआधी घाईने शिक्का मारू नये. पण मदत सुरू करायला निदानाची वाट पाहायची गरज नाही. पहिल्या बैठकीची सुरुवात "प्रमाणपत्र आणा, मग बघू" अशी होत असेल तर तिचा क्रम उलटा आहे.

दुसरी अवघड जागा पैशांची. "शॅडो टीचर ठेवा", "थेरपी आठवड्यातून चारदा करा" हे सांगताना त्याचा महिन्याचा खर्च आणि त्याला पर्याय हेही त्याच वेळी सांगा. परवडत नाही हे सात जणांसमोर कबूल करायला लागू नये म्हणून पालक "हो" म्हणतात आणि पुन्हा येत नाहीत. शाळेला ते बेफिकीर वाटतात.

तिसरी, दोषाची. "घरी लक्ष देत नाही" हे वाक्य या बैठकीतून कायमचे हद्दपार करावे. त्याचा रोख बहुतेक वेळा आईवर असतो, आणि ती आधीच स्वतःला दोष देत असते. ऑटिझम, डिस्लेक्सिया, एडीएचडी हे मेंदूच्या जडणघडणीतले फरक आहेत. आईच्या नोकरीमुळे किंवा लाडामुळे ते होत नाहीत. तसेच पालकांनीही "तुमच्या शाळेमुळे झालं" हे वाक्य सोडावे. बोलणे तापले तर दहा मिनिटे थांबा, चहा घ्या किंवा दुसरी तारीख ठरवा. चिडून झालेल्या सहीला काही अर्थ नसतो.

"डॉक्टर, शिक्षकांना वेळ कुठे आहे?"

हा आक्षेप खरा आहे. वर्गात मुले जास्त, त्यात सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे. समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षकांकडे एकेकाला अनेक शाळा असतात आणि त्यांची भेट ठरावीक दिवशीच होते. खेड्यातल्या बाईंनी पाऊण तास कुठून आणायचा?

तर हिशेब करू. वर्षातून तीन बैठका, प्रत्येकी ४५ मिनिटे, म्हणजे एका मुलामागे सव्वादोन तास. वर्गात अशी तीन मुले असतील तर पावणेसात तास. आता त्याच मुलांमुळे वर्षभर थांबलेले तास, डायरीत लिहिलेले शेरे, फाटकात होणारी वादावादी आणि मुख्याध्यापकांकडच्या फेऱ्या यांची बेरीज करा. माझा अंदाज आहे की दुसरा आकडा कितीतरी मोठा निघेल. आणि पाऊण तास खरोखरच शक्य नसेल तर १५ मिनिटांतही हाच क्रम पाळता येतो: आधी घरचे, मग शाळा, मग एकच उद्दिष्ट, मग कोण काय करणार. विशेष शिक्षक ज्या दिवशी शाळेत येतात तोच दिवस धरा. नाहीच जमले तर त्यांना फोनवर घ्या.

इथे डॉक्टरांनाही एक सांगणे आहे. बुद्ध्यंक ६८ एवढाच आकडा लिहिलेला अहवाल शिक्षिकेच्या काय कामाचा? त्याखाली चार ओळी मराठीत हव्यात: एका वेळी एकच सूचना द्या, पुढच्या बाकावर बसवा, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद द्या, उत्तरासाठी थोडा जास्त वेळ थांबा. पालकांनी हे आपल्या डॉक्टरांकडून हक्काने लिहून घ्यावे.

बैठकीनंतर

ठरलेले सगळे एका पानावर दोन दिवसांत पालकांच्या हाती पडावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तरी चालेल. एक प्रत वर्गशिक्षिकेच्या टेबलावर, एक घरी फ्रिजवर किंवा देवघराशेजारच्या भिंतीवर. मुख्याध्यापकांच्या कपाटातली प्रत कोणाच्या उपयोगाची नाही.

दोन आठवड्यांनी पाच मिनिटांचा फोन करा: "कार्ड वापरतोय का? घरची दहा मिनिटं जमतायत का?" जमत नसतील तर आराखडा बदला, पालकांना बोलू नका. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा भेटा. ती तारीख पहिल्याच बैठकीत ठरवा. आणि मधल्या काळात आठवड्यातून एकदा तरी एक चांगली बातमी घरी पाठवा. शाळेचा फोन फक्त तक्रारीसाठी येतो असे झाले की पालक तो उचलणेच बंद करतात.

शाळा बोलावत नसेल तर तुम्ही मागणी करा. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा: "माझ्या मुलाच्या शैक्षणिक आराखड्यासाठी वर्गशिक्षिका आणि विशेष शिक्षक यांच्यासह बैठक मिळावी." प्रत घ्या, पोच घ्या. नम्रपणे, पण लेखी. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत असाल तर गट साधन केंद्र किंवा शहर साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांचे नावही विचारून घ्या.

बैठक चांगली झाली की नाही हे ओळखायची माझी खूण एकच आहे. बाहेर पडताना हातातले पान बघा. येत्या सोमवारी वर्गात काय वेगळे होणार, घरी काय वेगळे होणार आणि ते कोण करणार, हे त्यावर लिहिलेले असेल तर तुमचा पाऊण तास कामी आला. नसेल तर उठू नका, "मॅडम, सोमवारी नेमकं काय करायचं ते एकदा लिहूया का?" असे शांतपणे विचारा. हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगल्या शिक्षिकेला तो प्रश्न आवडतोच.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाचे निदान, औषधे आणि थेरपी याबाबतचे निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)